घरचं मैदान, घरचा संघ आणि घरचेच पैसे

भोरजवळ भाताची काढणी झाली की दोन-चार खाचरं सपाट करून, वर रोलर फिरवून क्रिकेटचं मैदान तयार होतं. डिसेंबर-जानेवारीत तिथे टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. मांडव, डीजे, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, दोन समालोचक, रोख बक्षीस आणि माणसाच्या कमरेएवढा चषक. जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मी हजर होतो. एका बाजूला भोरचा संघ, दुसऱ्या बाजूला वेल्ह्याचा. वेल्हे तालुक्याला सरकारदरबारी आता राजगड म्हणतात, पण मैदानावरच्या शिव्यांमध्ये आणि कौतुकात अजून वेल्हेच आहे.

भोर-वेल्हे ही चुरस जुनी. तोरणा आणि राजगड त्यांच्याकडे, राजवाडा आणि संस्थानाची मिजास आमच्याकडे. एसटीत, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडून टोमणे चालतात, त्यात विष कधी नव्हतं. माझ्या लहानपणी वेल्ह्याची टीम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून यायची आणि हरो की जिंको, रस्सा-भाकरी खाऊनच परत जायची.

त्या दिवशी भोरचा संघ घरच्या मैदानावर होता, स्पर्धेत एकही सामना हरला नव्हता, आणि समालोचक सकाळपासून एकच वाक्य घोळवत होता की भोरला भोरमध्ये हरवणारा अजून जन्माला यायचाय. आदल्या रात्री माझ्या खालाच्या मुलाने मला विचारलं होतं, "भाईजान, भोरच मारणार ना उद्या?" मी म्हटलं, "बहुतेक." त्याच्या या प्रश्नामागे पंधरा हजार रुपये उभे होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शेवटच्या षटकात वेल्ह्याला नऊ धावा हव्या होत्या. लाँग ऑनला उंच झेल उडाला. खाली आमचाच एक पोरगा होता, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा, स्पर्धेतला भोरचा सगळ्यात चपळ क्षेत्ररक्षक. चेंडू त्याच्या हातात बसला, निसटला आणि सीमेपार गेला. दोन चेंडू राखून वेल्ह्याने सामना जिंकला.

झेल सुटतात, रणजीतही सुटतात आणि लॉर्ड्सवरही. पण मांडवातून पहिला आवाज आला तो "विकला गेला" असा. मग पाच-सहा जण मैदानात घुसले. त्या पोराला टेम्पोच्या मागे नेलं, कॉलर धरली, दोन कानाखाली वाजवल्या. वेल्ह्याची पोरं चषक बाजूला ठेवून त्याला सोडवायला धावली, हे मुद्दाम लिहून ठेवतो. कॉलर धरणाऱ्यांत माझा भाऊ होता.

हे सगळं पंधरा हजारांसाठी, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी इंजिनिअर आहे, एखादी गोष्ट बिघडली की ती आतून कशी चालते ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून आधी हिशोब.

गावातली पैज साधी असते. एक जण वही धरतो, आजकाल वही म्हणजे मोबाईल आणि पैसे युपीआयने. दोन्ही बाजूंचे पैसे एकत्र जमतात, वहीवाला शेकडा दहा आपले काढून घेतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत त्यांनी लावलेल्या प्रमाणात वाटतो. आता समजा एकूण दहा हजार जमले. सामना भोरात, प्रेक्षक भोरचे, म्हणून नऊ हजार भोरवर आणि एक हजार वेल्ह्यावर. वहीवाल्याने एक हजार कापले, राहिले नऊ हजार. भोर जिंकला तर हे नऊ हजार कुणात वाटायचे? भोरवर नऊ हजार लावणाऱ्यांतच. म्हणजे ज्याने शंभर लावले त्याला शंभर परत. तुमचा अंदाज बरोबर, संघ विजयी, गुलाल उधळला आणि खिशात फायदा शून्य. अंदाज चुकला तर शंभर गेले. ज्या पैजेत जिंकल्यावर काहीच मिळत नाही आणि हरल्यावर सगळं जातं, ती पैज माणसं हौसेने लावतात, कारण कुणावर किती लागलेत हे फक्त वहीवाल्याला दिसतं. त्याला मात्र कोण जिंकतं याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याचे एक हजार नाणेफेकीच्या आधीच सुटलेले असतात.

"फेव्हरिट" या शब्दाची गंमत इथे आहे. आपण समजतो फेव्हरिट म्हणजे बलवान. पैजेच्या बाजारात फेव्हरिट म्हणजे ज्याच्यावर जास्त पैसे लागलेत तो. त्यातले काही ताकद बघून लागतात, बरेचसे माया बघून. घरच्या संघावरची माया ही बाजाराला सगळ्यात स्वस्तात मिळणारी वस्तू.

या सामन्याच्या दोनच महिने आधी मी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात होतो. तिथे नोव्हेंबरअखेरीस ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना होतो, म्हणजे त्यांचा फुटबॉल, हाताने खेळतात तो. स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात. ती चुरस शंभर वर्षांहून जुनी, आणि खेळणारी सगळी कॉलेजची पोरं. ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मिशिगनचा तो हंगाम वाईट गेला होता आणि ओहायो स्टेट घरच्या मैदानावर होतं, त्यामुळे सट्टा घेणाऱ्या कंपन्यांनी त्यांना सुमारे २० गुणांनी फेव्हरिट ठरवलं होतं.

हे २० गुण म्हणजे काय ते मला माझ्या शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याने समजावलं. ओहायोवर पैसे लावायचे तर ओहायो नुसतं जिंकून भागत नाही, वीसहून जास्त गुणांनी जिंकलं पाहिजे. चौदा गुणांनी जिंकलं तर गावात मिरवणूक निघेल आणि तुमचे पैसे मात्र बुडतील. शिवाय १०० जिंकण्यासाठी ११० लावावे लागतात. म्हणजे शंभरातले पन्नास अंदाज बरोबर आले तरी तुम्ही तोट्यात. बावन्न-त्रेपन्न बरोबर आले तर जेमतेम बरोबरी. भोरच्या वहीवाल्याचं आणि तिथल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचं तत्त्व एकच, इंग्रजी तेवढं वेगळं.

३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनने तो सामना १३-१० असा जिंकला. मैदानाच्या मधोमध झेंडा रोवण्यावरून खेळाडूंची मारामारी झाली आणि पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला. सोमवारी ऑफिसात सुतक होतं. त्याच ओहायो स्टेटने पुढे २० जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. एक सामना काहीच सिद्ध करत नाही, हे सट्टा लावणारा कधी ऐकून घेत नाही.

अमेरिकेत हे सगळं कायदेशीर आहे. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला रोखणारा केंद्रीय कायदा रद्द केला आणि राज्यांना मोकळीक मिळाली. ओहायोने १ जानेवारी २०२३ पासून दार उघडलं. सव्वा वर्षाच्या आतच त्यांना एक खिडकी बंद करावी लागली. कॉलेजच्या एकेका खेळाडूवर लावायचा सट्टा, म्हणजे अमुक पोरगा किती यार्ड धावेल यावरची पैज, त्यांनी मार्च २०२४ पासून बंद केली. हे करा म्हणून कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था मागे लागली होती, कारण हरलेले लोक त्या पोरांना फोनवर धमक्या देत होते. म्हणजे टेम्पोमागची कॉलर तिथेही आहे, फक्त ती मोबाईलवरून धरली जाते.

पुण्याच्या वाचकांना इतक्या लांब जायची गरज नाही. २०१७ ची आयपीएल आठवा. पुण्याच्या संघाने त्या हंगामात मुंबईला तीनदा हरवलं, गहुंज्यात सात गडी राखून, वानखेडेवर तीन धावांनी आणि पुन्हा वानखेडेवरच क्वालिफायरमध्ये वीस धावांनी. अंतिम सामन्यात मुंबई १२९ वर अडकली. पुण्यातल्या प्रत्येक हॉस्टेलवर त्या रात्री दिवाळी व्हायची बाकी होती. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, पहिल्या चेंडूवर चौकार गेला, आणि तरीही पुणे १२८ वर थांबलं. एका धावेने. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो. आमच्या फ्लॅटवरच्या एकाने पहिला पगार त्या सामन्यावर लावला होता. तीनदा हरवलंय, चौथ्यांदा का नाही, हा त्याचा युक्तिवाद. त्या दिवशी आम्ही हसलो. आज वाटतं की हसायला नको होतं, कारण त्यानंतर त्याने 'भरून काढायला' काय काय केलं ते त्याच्या घरच्यांना माहीत आहे.

भरून काढणं. या दोन शब्दांवर सगळा धंदा उभा आहे, आणि हे मी बाहेरून सांगत नाही. काही वर्षं मी ज्या कंपनीत होतो तिथे आमच्या टीमकडे पैसे लावून खेळायच्या एका ॲपच्या नोटिफिकेशनचं काम होतं. कुणाला, कधी, कोणता संदेश जावा हे ठरवणारा कोड. आम्ही अर्ध्या लोकांना एक मजकूर पाठवायचो, अर्ध्यांना दुसरा, आणि ज्याने जास्त लोक परत येतात तो ठेवायचो. नुकत्याच हरलेल्या माणसाला थोडासा बोनस दिला की तो परत येतो, हे आम्हाला आकड्यांत दिसत होतं. डॅशबोर्डवर त्या माणसाला नाव नव्हतं, एक क्रमांक होता. मला त्या तिमाहीत चांगलं रेटिंग मिळालं. काम सोडलं ते तत्त्वासाठी नव्हे, पगारासाठी.

२०२५ च्या आयपीएलमध्ये भाऊ मला मोबाईल दाखवायला आला, काहीतरी अडकलं म्हणून. वर एक संदेश आला होता. हरलेल्या सामन्याचं दुःख, पुढच्या सामन्यासाठी खास बोनस, घड्याळाचे उलटे पडणारे आकडे. मी लिहिलेला नव्हता, ती कंपनीही वेगळी होती. पण रचना मला ओळखीची होती, जशी आपल्या गावातल्या गवंड्याला दुसऱ्याने बांधलेली भिंतही ओळखीची वाटते. तेव्हा कळलं की जानेवारीतले पंधरा हजार हा शेवटचा आकडा नव्हता. ॲपवर, कर्ज देणाऱ्या दुसऱ्या ॲपवर आणि दोन मित्रांकडे मिळून बासष्ट हजार होते. घरात त्याच्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले होते.

त्याला मी कागदावर एकच गणित करून दाखवलं. समजा ॲप प्रत्येक डावात शेकडा दहा आपल्याकडे ठेवतं. तू ना हुशार ना मूर्ख, सरासरी खेळाडू. हजार रुपये घेऊन बसलास आणि जे परत येईल ते पुन्हा लावत गेलास, तर दहा सामन्यांनंतर सरासरीने उरतात साडेतीनशेच्या आसपास. आयपीएलचे ७४ सामने असतात. चौऱ्याहत्तराव्या सामन्यानंतर हजारातले उरतात सरासरी ४१ पैसे. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण भाईजान, लोक जिंकतात ना." जिंकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडचा एक पोलीस उपनिरीक्षक अशाच ॲपवर दीड कोटी जिंकला, घराघरात त्याचा फोटो पोहोचला. काही दिवसांत तो निलंबित झाला, तेही छापून आलं. माझ्या भावाला पहिली बातमी तारखेसकट पाठ होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. दोन दिवसांत दोन्ही सभागृहं पार, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळणाऱ्याला शिक्षा न ठेवण्याचा भाग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. शिक्षेच्या भीतीने माझा भाऊ कधीच बोलला नसता. देशात ४५ कोटी लोक यात दरवर्षी सुमारे २० हजार कोटी घालवतात असा सरकारचा अंदाज होता. महिन्याभरात आशिया चषकात आपला संघ छातीवर प्रायोजकाचं नाव न लावता उतरला. ज्यांचे चेहरे बघून गावातली पोरं ॲप उतरवून घेत होती, त्यांनी एका शब्दाने माफी मागितलेली माझ्या तरी वाचनात नाही.

मी या कायद्याच्या बाजूने आहे. तो न्यायालयात टिकेल की नाही हे न्यायालय ठरवेल. पण बंदीने भूक मरत नाही. सप्टेंबरपासून भावाच्या ओळखीतले काही जण टेलिग्रामवरच्या परदेशी साइटवर गेले आहेत, तिथे ना कर कापला जातो ना तक्रार ऐकली जाते. आणि वहीवाला तर आहेच, त्याला इंटरनेट लागतच नाही. जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७ चा आहे. मटका त्याच्या नाकावर टिच्चून दोन पिढ्या चालला.

आता थोडं आपल्या घरातलं. आमच्याकडे जुगार हराम आहे एवढं एक वाक्य लहानपणापासून ऐकलेलं. खालूंना कळलं तेव्हा त्यांनीही तेच म्हटलं, आवाज चढवून, आणि विषय संपवला. भाऊ मला नंतर हळूच म्हणाला, "हा जुगार नाहीच, कौशल्य आहे, कोर्टानेच सांगितलंय." त्याचं म्हणणं अगदी हवेतलं नव्हतं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा एका ॲपच्या खेळाला कौशल्याचा खेळ मानलं होतं. म्हणजे आम्ही एका शब्दाने दार लावलं आणि ॲपने दुसऱ्या शब्दाने खिडकी उघडली.

कुरआनात या विषयावर नुसता हुकूम नाही, त्यामागचं कारणही आहे. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगार यांत लोकांना काही फायदे आहेत हे मान्य करून नुकसान जास्त आहे असं सांगितलंय. फायदा एका पारड्यात, तोटा दुसऱ्यात, चक्क हिशोब. सूरह माइदाच्या ९१ व्या आयतीत कारण आणखी स्पष्ट आहे, की यातून तुमच्यात वैर आणि द्वेष पेरला जातो. टेम्पोमागे जे झालं त्याचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. पण जुम्म्याच्या बयानात मी हा हिशोब कधी ऐकला नाही, फक्त निकाल ऐकला. कारण काढून टाकलं आणि निकाल ठेवला की पोरं निकाल पाळत नाहीत, लपवतात. माझे हिंदू मित्र द्यूतात हरलेल्या पांडवांचा दाखला देतात आणि तेही त्याच वहीवाल्याकडे लावतात, त्यामुळे या बाबतीत कुणी कुणाला शिकवण्याची परिस्थिती नाही.

भावाचं काय केलं ते सांगतो, कारण वाचकांतल्या अनेकांच्या घरी हा प्रसंग येऊन गेला असेल किंवा येईल. कर्जाच्या ॲपचे पैसे आधी फेडले, कारण व्याज तिथे होतं. मित्रांना मुदत मागितली, दोघांनीही दिली. त्याच्या पगाराच्या खात्यावर काही महिने खालाचं लक्ष आहे, त्याच्याच संमतीने. बहिणीची फी मी भरली आणि ते उसने आहेत असं चौघांसमोर ठरवलं, त्यावरून घरात थोडी नाराजी झाली, पण दान म्हटलं असतं तर तो पुन्हा लपवायला शिकला असता. अजून एकवीस हजार बाकी आहेत.

यंदाच्या स्पर्धेची पहिली बैठक नुकतीच झाली. मी तीन गोष्टी मागितल्या. मांडवात वहीवाला बसणार नाही आणि बसलेला दिसला तर सामना थांबेल. समालोचकाने भाव किंवा फेव्हरिट हा शब्द माइकवर उच्चारायचा नाही. आणि सामन्यानंतर मैदानात फक्त खेळाडू आणि पंच. तिसरी लगेच मान्य झाली. दुसरीवर समालोचक रुसला. पहिलीवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग एक जण म्हणाला की मंडपाचा आणि डीजेचा निम्मा खर्च तोच देतो. ही माहिती मला नवीन होती. त्याचा खर्च आपण वर्गणीतून उभा करू म्हणून मी पहिले पाच हजार टेबलावर ठेवले, वेल्ह्याच्या संघाने फोनवर तेवढेच कबूल केले. बाकीचं पुढच्या बैठकीत ठरेल.

बैठकीतच भोरच्या संघाची यादी फिरली. त्या पोराचं नाव त्यात नव्हतं. परवा तो एसटी स्टँडवर भेटला, मी विचारलं. म्हणाला, "यंदा शेवटचं वर्ष आहे दादा, अभ्यास आहे." शेजारी माझा भाऊ उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.